दम लवकर येतो, हाडं मागे राहतात

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, धनज बुद्रुकसारख्या गावात पहाटे रस्त्यावर धावणारं पोरगं बहुतेक वेळा मॅरेथॉनसाठी धावत नसतं. ते भरतीसाठी धावतं. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण. त्यात मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. राज्य राखीव पोलीस दलात जायचं तर 5 किलोमीटर. अग्निवीर व्हायचं तर 1.6 किलोमीटर. ही अंतरं ऐकायला छोटी वाटतात, पण त्यांची तयारी लांब पल्ल्याच्या धावपटूसारखीच होते. रोज सहा-आठ किलोमीटर, आठवड्यातून दोनदा ग्राउंडवर राउंड, रविवारी लांबची धाव. शरीराला सोसावं लागतं तेही लांब पल्ल्याच्या धावपटूसारखंच.

फरक एकच आणि तो मोठा आहे. मॅरेथॉनवाल्याला हंगाम असतो. पुण्याची मॅरेथॉन डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन सप्टेंबरात. तारीख आधी ठरलेली असल्यामुळे तयारी कधी सुरू करायची, कधी टिपेला न्यायची आणि शर्यत झाल्यावर किती दिवस बूट बाजूला ठेवायचे, हे सगळं मागे मोजत जाता येतं. भरतीवाल्याला हंगामच नाही. जाहिरात कधी निघेल, ग्राउंड कधी लागेल, पावसाळ्यात लागेल की उन्हाळ्यात, काही सांगता येत नाही. म्हणून तो बाराही महिने धावतो. सुट्टी घेतली आणि नेमकी तारीख लागली तर, ही भीती त्याच्या डोक्यातून जात नाही. दोन-तीन वर्षं असं चाललं की नडगी दुखायला लागते, टायमिंग एका जागी अडकतं. मग तो आणखी धावतो.

ही भीती खरी किती आणि मनाची किती, हे पाहायचं तर विश्रांतीत शरीर काय करतं ते आधी नीट समजून घ्यावं लागेल.

धावण्यानं शरीर बळकट होत नाही. धावण्यानं ते मोडतं. बळकट होतं ते नंतर, थांबल्यावर. आणि शरीरातला प्रत्येक भाग आपापल्या वेळेनं सावरतो. स्नायूंमधली साठवलेली साखर लांब धावेनंतर भाकरी-वरणभात पोटभर खाल्लं तर दिवस-दोन दिवसांत भरून येते. स्नायू आणि हाड जोडणाऱ्या कंडरांचं, म्हणजे टाचेच्या वरच्या त्या जाड दोरीचं, गणित वेगळं आहे. कडक सरावानंतर पहिला दीड दिवस तिथं जुना धागा तुटण्याचं काम जास्त आणि नवा विणण्याचं कमी असतं. पारडं फिरतं त्यानंतर. रोजच कडक धावणाऱ्याच्या कंडरेला ते पारडं फिरण्याची संधीच मिळत नाही. मॅरेथॉनसारख्या शर्यतीनंतर स्नायूंची पूर्ण ताकद परत यायला एक ते दोन आठवडे जातात, भले पायांचं दुखणं चार दिवसांत थांबलेलं असो.

सगळ्यात सावकाश चालणारं हाड. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी त्यातला जुना, थकलेला भाग खोदून काढतं आणि मग तिथं नवं हाड भरतं. खोदाईला साधारण तीन आठवडे लागतात, भराईला तीन महिन्यांच्या आसपास. म्हणजे मधे बरेच दिवस असे असतात की रस्ता खोदून ठेवलाय आणि नवं डांबर अजून पडायचंय. त्या दिवसांत हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं, आणि नेमका त्याच वेळी धावणारा जोशात असतो. कारण तीन-चार आठवड्यांच्या सरावानं दम वाढलेला असतो, छाती भरून येत नाही, पाय हलके पडतात. दम सांगतो वाढव, हाड म्हणतं थांब. पण हाडाला बोलता येत नाही, ते एकदम दुखायलाच लागतं. नडगीला चीर पडण्याचे प्रकार सराव वाढवल्यानंतर बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमाराला उघडकीला येतात, ते यामुळे.

दोन हंगामांमधल्या विश्रांतीचं मुख्य काम हेच आहे. थकवा चार दिवसांतही जातो. पण दमाच्या मागे पडलेल्या हाडांना आणि कंडरांना गाठून यायला वेळ हवा असतो, आणि तो रविवारच्या एका सुट्टीनं मिळत नाही.

आता भीतीकडे येऊ. थांबलं तर किती जातं?

याचं उत्तर बऱ्यापैकी नेमकं ठाऊक आहे. संशोधक एडवर्ड कॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मुरलेल्या सात खेळाडूंचा सराव 84 दिवस पूर्ण बंद ठेवून मोजमापं घेतली. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपल्या भाषेत दम, पहिल्या 21 दिवसांत 7 टक्के घटली. 56 दिवसांनंतर घट 16 टक्क्यांवर गेली आणि तिथंच थांबली. क्षमता त्याखाली उतरली नाही. गंमत पुढे आहे. स्नायूंमध्ये वर्षानुवर्षांच्या सरावानं वाढलेलं केसासारख्या रक्तवाहिन्यांचं जाळं 84 दिवसांनंतरही तसंच होतं. सुरुवातीला जे जातं त्यातला मोठा वाटा रक्तातल्या पाण्याचा असतो. सराव करणाऱ्याच्या अंगात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं. थांबल्यावर काही दिवसांतच ते उतरतं, हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं आणि पहिल्या दिवशी ग्राउंडवर धाप लागते. पोरगं म्हणतं, सगळं गेलं. सगळं गेलेलं नसतं. सराव सुरू केला की हे पाणी आठवड्या-दोन आठवड्यांत परत चढतं.

बर्नार्ड लागाट हा मूळचा केनियाचा, नंतर अमेरिकेकडून धावलेला धावपटू. 2007 च्या ओसाका जागतिक स्पर्धेत त्यानं 1500 आणि 5000 मीटर अशी दोन्ही सुवर्णं घेतली. तो दरवर्षी हंगाम संपल्यावर पाच आठवडे धावणं बंद ठेवायचा. वजन वाढायचं, त्याची त्याला फिकीर नव्हती. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या 5000 मीटरच्या अंतिम शर्यतीत तो पाचवा आला तेव्हा त्याचं वय 41 होतं. पाच आठवडे थांबल्यानं माणूस संपत असता तर हा कधीच संपला असता.

जो स्वतः थांबत नाही त्याला कधी कधी दुखापत थांबवते, आणि तो हिशोब महाग पडतो. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे जुलै 2025 मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडला, गुडघ्यातला अस्थिबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तो अपघात होता, अतिसरावाशी त्याचा संबंध नाही. पण अशा शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने धरतात, हे लक्षात ठेवलं की स्वतःहून घेतलेले तीन आठवडे किती स्वस्त आहेत ते कळतं.

मग धनजच्या पोरानं हंगाम कुठून आणायचा? जाहिरातीनं दिला नाही तरी हवामानानं दिलेला आहे. मे महिन्यात या पट्ट्यात पारा 42-45 पर्यंत जातो, पहाटे पाचलाही हवा निवलेली नसते, रात्रीची झोप धड होत नाही. मे महिन्यात दम वाढवायला निघणं म्हणजे उगाच अंग जाळणं. मे हा विदर्भातल्या धावणाऱ्याचा विश्रांतीचा महिना असायला हवा, आणि कुणी विचारलं तर मी डोळे झाकून हेच सांगेन.

पण इथं एक अडचण आहे. ती पुस्तकांत सापडत नाही, कारण ती पुस्तकं शेती करणाऱ्यांनी लिहिलेली नाहीत. मे महिन्यात शेतकऱ्याच्या पोराला सुट्टी नसते. पऱ्हाट्या उपटायच्या, धसकटं वेचायची, शेणखताच्या गाड्या भरायच्या, वखरणी उरकायची. जूनमध्ये पाऊस पडला की सोयाबीन-तुरीची पेरणी, मग डवरणी आणि निंदण. म्हणजे धावणं बंद केलं तरी अंगाला आराम नाहीच. याकडे दोन्ही बाजूंनी पाहावं. नडगीच्या हाडाला बसणारे हजारो ठोके थांबले, ते चांगलंच झालं. वजन उचलणं, वाकणं, ओढणं यानं कंबर आणि मांड्या घट्ट होतात, त्याचाही फायदाच. उन्हात काम करणाऱ्याचं अंग उन्हाला सरावलेलं राहतं. घरात बसलेल्याची ती सवय तीन-चार आठवड्यांत जाते आणि पुन्हा यायला दहा-चौदा दिवस लागतात. मात्र सकाळी आठ किलोमीटर धावून दिवसभर शेणखत भरणारा पोरगा दोन माणसांचं काम करत असतो. शेतातल्या कामाचे दिवस हे सरावाचेच दिवस धरावेत आणि त्या आठवड्यांत धावण्याचा हट्ट सोडावा.

नडगीबद्दल थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण ग्राउंडवर सगळ्यात जास्त कानावर येतं ते हेच दुखणं. खाली बसा, पाय मोकळा सोडा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून, जिथं हाड संपून पोटरीचं मांस सुरू होतं तिथून, अंगठा हळूहळू दाबत गुडघ्याकडून घोट्याकडे न्या. चार-पाच बोटं रुंदीच्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात सगळीकडे ठसठसलं, आणि धावायला लागल्यावर अंग तापलं की दुखणं कमी होत असेल, तर तो हाडावरच्या आवरणाचा आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंचा ताण असण्याची शक्यता जास्त. काही आठवडे धावणं कमी केलं की तो उतरतो. पण अंगठा एका ठिकाणी आला आणि तिथंच, एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेत, कळ डोक्यात गेली; धावताना दुखणं वाढत गेलं; रात्री पडल्या जागीही ठणकलं; त्या एका पायावर उडी मारवेना, तर हाडाला चीर असल्याचा संशय घ्यावा आणि त्या दिवसापासून धावणं पूर्ण बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत ही चीर पुष्कळदा दिसतच नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पोरगं पुन्हा ग्राउंडवर जातं आणि चिरीचं फ्रॅक्चर करून घेतं. वेळेत थांबलं तर बहुतेक वेळा सहा-आठ आठवड्यांत काम भागतं.

दुखणं दाबायची गोळी खाऊन राउंड मारण्याची जी रीत पडली आहे ती वाईट आहे. गोळी चीर भरत नाही, फक्त तिची ओरड बंद करते. शिवाय अंगात पाणी कमी असताना, उन्हात, या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून कुणी काही टोचायला सांगत असेल तर त्या ग्राउंडवर पुन्हा जाऊ नये.

मुलींचा प्रश्न थोडा वेगळा आणि जास्त दुर्लक्षित. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्यात धावण्यानं घामावाटे आणि तळपायाच्या आघातानं रक्तपेशी फुटून लोह आणखी जातं. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं. नवी भरती त्याच गतीनं होते, त्यामुळे रक्त वाढायला महिने लागतात. विश्रांतीचा काळ हा तपासणीचा काळ आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघून घ्यावं आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या गोळ्या नेमानं घ्याव्यात. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. ताटात लिंबाची फोड असली तर उलट मदत होते. आणि सरावाच्या काळात पाळी लांबायला लागली किंवा बंदच झाली तर त्याचा अर्थ पोरीचं शरीर ‘खाणं पुरत नाही’ असं सांगतंय. हाडं ठिसूळ होण्याची सुरुवात तिथूनच होते. ‘बरं झालं, कटकट गेली’ असं म्हणून आयांनीही ते सोडून देऊ नये.

खाण्याचं म्हटलं तर आपल्याकडे एक विचित्र प्रकार चालतो. वाशिम जिल्हा सोयाबीनचा. शेतातलं सोयाबीन पोत्यांनी बाजार समितीत जातं आणि त्याच पैशातून पोरासाठी प्रोटीन पावडरचा डबा येतो. सोयाबीनमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रथिनं असतात. रात्रभर भिजवून, नीट उकडून (कच्चं किंवा अर्धकच्चं खाऊ नये, ते पचत नाही) उसळीसारखं खाल्लं, गहू-ज्वारीच्या पिठात थोडं भाजून दळून घातलं, तरी पुष्कळ काम होतं. साठ किलोच्या धावणाऱ्याला दिवसाला साधारण 75 ते 95 ग्रॅम प्रथिनं लागतात. तुरीचं वरण, उसळ, दूध किंवा दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, यांतून ती जमतात. सुट्टीत धावणं थांबलं म्हणून खाणं निम्म्यावर आणू नका. दुरुस्तीचं काम चालू असताना माल कमी पाडायचा नसतो. दोनेक किलो वजन वाढलं तर वाढू द्या.

झोपेचा हिशोब मात्र मे महिन्यात बिघडतो, कारण लग्नसराई. रात्री वरातीत नाचायचं, पहाटे परत यायचं, दुपारी उकाड्यात लोळायचं, ही विश्रांती नाही. गाढ झोपेतच शरीर वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त सोडतं, आणि दुरुस्तीचा मोठा भाग तेव्हाच होतो. आपण सावरतोय की नाही हे पाहायची एक फुकटची सोय आहे. सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. नेहमीपेक्षा पाच-सात ठोके जास्त, आणि तेही सलग तीन-चार दिवस, असं दिसलं की शरीर अजून मागच्या हंगामाची बाकी फेडतंय किंवा आजारी पडायच्या बेतात आहे. त्याला जोडून चिडचिड होत असेल, जेवण नको वाटत असेल, ग्राउंडचं नाव काढलं की कंटाळा येत असेल तर आणखी आठवडाभर थांबावं.

आता भरतीवाल्याचा खरा सवाल: दोन-तीन आठवडे थांबलो, मान्य, पण पुढचे तीन महिने पेरणी-डवरणीत जाणार आणि मधेच तारीख लागली तर? अमेरिकेतल्या शिकागोचे संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी 1981 ते 1985 मध्ये केलेले प्रयोग इथं कामी येतात. आठवड्याला सहा दिवस, रोज 40 मिनिटं असा कडक सराव दहा आठवडे करून घेतल्यावर त्यांनी एका गटाचे दिवस सहावरून दोनवर आणले. दुसऱ्या प्रयोगात रोजची 40 मिनिटं 13 वर आणली. दोन्हीकडे पंधरा आठवडे दम टिकला. पण तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि मिनिटं तीच ठेवून फक्त जोर कमी केला, तेव्हा दम उतरला. कमवायला सहा दिवस लागतात, राखायला दोन पुरतात, मात्र ते दोन दिवस जोरकस हवेत. आपली पोरं नेमकं उलटं करतात: रोज जातात आणि रोज रमतगमत पळतात.

म्हणजे पूर्ण विश्रांतीनंतर, पाय कुठंही दुखत नसतील तर, पेरणीच्या दिवसांतही आठवड्यातून दोन सकाळी पुरे. एका दिवशी अंग नीट तापवून 400 मीटरचे पाच-सहा जोरकस राउंड, मधे पुरता दम खाऊन. दुसऱ्या दिवशी वीसेक मिनिटांची, बोलता येणार नाही इतपत वेगाची धाव. डांबरापेक्षा मऊ मातीचा रस्ता बरा, पण पावसात काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटून घोटा मुरगळतो, तेव्हा ग्राउंडच बरं. एवढ्यावर दम शाबूत राहतो आणि हाडांना उरलेले पाच दिवस मिळतात. तारीख लागलीच तर सहा-आठ आठवड्यांत टायमिंग खाली आणण्याइतका पाया शिल्लक असतो.

पूर्ण सरावाला परतताना घाई नको, कारण या सगळ्या प्रकारात धोक्याची जागा तीच आहे. पहिल्या आठवड्यात सुट्टीआधीच्या अंतराच्या निम्मंही नको; एक दिवस धावणं, एक दिवस चालणं. दोन-तीन आठवडे अंतर वाढवा, वेग वाढवू नका. चौथ्या आठवड्यात, म्हणजे हाडांची खोदाई संपून भराई सुरू होते त्या सुमाराला, अंतर मुद्दाम कमी करा, मग पुन्हा चढा. त्या चौथ्या आठवड्यात तुमचा दम सगळ्यात जास्त फसवेल, सोबतचे पुढे निघून जातील, ते जाऊ द्या. बुटाचा तळ एका बाजूला झिजला असेल किंवा बोटानं दाबल्यावर दबत नसेल तर याच वेळी बदला. चांगला बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो, आणि रोज आठ किलोमीटर धावणाऱ्याचे ते दोन-तीन महिनेच होतात.

कारंजा-अमरावतीकडे भरतीच्या अकॅडमी चालवणाऱ्यांना एकच विनंती आहे. मे महिन्याची फी घ्यायची तर घ्या, पण पोरांना त्या महिन्यात ग्राउंडवर उतरवू नका. लेखी परीक्षेचा अभ्यास करून घ्या. आणि जूनमध्ये परत आलेल्या पोराचं 1600 मीटरचं टायमिंग पहिल्याच दिवशी घेऊ नका. ते जुलैच्या शेवटी घ्या.